नाताळची पंगत

नाताळ जवळ आला की मला ‘गव्हाण’ या शब्दाची गंमत वाटते. बाळ येशूला गव्हाणीत निजवलं, हे आम्ही संडे स्कूलपासून ऐकत आलो. पुठ्ठ्याची गव्हाण करून तिच्यात खराखुरा कडबा भरत आलो. आणि आमच्या भागात साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो तोही गव्हाणीत मोळी टाकूनच! ऊस जिथून आत ओढला जातो त्या जागेला कारखान्यात गव्हाण म्हणतात. दरवर्षी पेपरात फोटो येतो, हार घातलेल्या गव्हाणीत चेअरमनसाहेब उसाची मोळी टाकताहेत.

आमचा भाग प्रवरेच्या कालव्याखालचा. जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. आम्ही म्हातारी माणसं आपली ‘नगर’च म्हणतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले १८३१ साली. भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं १९२६ साली. लोणीचा सहकारी कारखाना सुरू झाला १९५० साली. म्हणजे आमच्याकडे ख्रिस्त आधी आला आणि ऊस नंतर; आता दोघंही इथलेच. त्यामुळे आमचा नाताळ नेहमी ऐन गळितात येतो. सकाळी चर्चला निघावं तर रस्त्यावर उसाच्या गाड्या. पुढे बैल, मागे ऊस, वर नवराबायको आणि एखादं तान्हं टॉवेलात गुंडाळलेलं.

२०१६ पर्यंत आमच्या घरचा नाताळ चारचौघांसारखाच होता. दारात चांदणी, डब्यांत करंज्या, शंकरपाळे, अनारसे. सकाळी उपासना, दुपारी मटण-पुलाव, मग सगळे आडवे. संध्याकाळी उठावं तर प्रत्येकजण आपापल्या मोबाईलमध्ये. पुण्याहून दोन मुलं, नाशिकहून मुलगी, त्यांची मुलं, सगळे वर्षातून एकदा एकत्र येणार आणि चार दिवस एका छपराखाली वेगवेगळे राहून परत जाणार! त्या वर्षी मी आधीच फोन करून सांगितलं, यंदा पंचवीस तारखेला सगळ्यांनी मिळून कुणासाठी तरी काहीतरी करायचं. पैसे द्यायचे नाहीत, हातांनी करायचं.

सूचना भराभर आल्या. थोरला म्हणाला ब्लँकेटं वाटू. धाकट्याला अनाथाश्रमात केक द्यावासा वाटला. नाताळात अनाथाश्रमातल्या मुलांना इतका केक मिळतो की बिचारी नको म्हणत असतील, आणि मग जानेवारीत कुणी फिरकत नाही. ब्लँकेटांचंही तसंच. मी म्हटलं, घराजवळ कोण आहे ते आधी बघू, आणि त्यांना काय हवं ते त्यांनाच विचारू. आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारण्याची सवय, दुसरं काय!

आमच्या घरापासून पाऊण किलोमीटरवर कालव्याकडेला दरवर्षी ऊसतोड्यांचा तळ पडतो. बांबू वाकवून त्यावर चटया, ताडपत्री आणि पाचट टाकलेल्या कोप्या. माणसं बीडकडची, नाहीतर आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-जामखेडची. मुकादमाकडून उचल घेऊन येतात आणि हंगामभर ती फेडतात. त्यांच्या हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’. ती फडातून तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि मोजताना मात्र अर्धी! त्या वर्षी तळावर अकरा कोयते होते.

मी आणि मुलगी पंधरवडाभर आधी संध्याकाळी तिकडे गेलो. एक बाई वाढ्याच्या पेंढ्या बांधत होती. उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढे. जनावरांसाठी लोक विकत घेतात, त्याचेच काय ते रोजचे रोख पैसे. तिला म्हटलं, “ताई, थंडी फार आहे. ब्लँकेटं आणली तर चालतील का?” ती म्हणाली, “ब्लँकेटं हाइत की बाई. लई जण देत्यात. पर एक दिस रातीचा सैपाक कुनी करून घातला, तर जरा पाठ टेकंल.”

तिचा दिवस ऐकला आणि आम्ही गप्प झालो. पहाटे चारला फडात. दुपार टळेपर्यंत तोडणी. मग गाडी भरून कारखान्यावर, तिथं रांग. नंबर कधी लागेल ते देव जाणे. नवरा गाडीबरोबर गेला की ही तळावर येऊन पाणी आणणार, जळण बघणार, धुणं, आणि मग चुलीपुढे बसून दहाबारा भाकऱ्या थापणार. नाताळ काय आणि संक्रांत काय, फड थांबत नाही. तेव्हाच ठरलं. पंचवीस तारखेला रात्री त्या तळावरची एकही चूल बायकांनी पेटवायची नाही.

बोलायला सोपं! पंचेचाळीस माणसं ती, अकरा आम्ही. त्यांना पोळी-पुरी चालली असती, पण दिवसभर ऊस तोडलेल्या माणसाचं पोट भाकरीनेच भरतं. म्हणजे दोनशे भाकऱ्या, वीस किलो बाजरी. त्यात बाजरीचं पीठ आधी मळून ठेवता येत नाही आणि जुनं झालं की कडू लागतं. म्हणून चोवीस तारखेला ताजं दळून आणलं. आमच्या दोन्ही सुना नोकरी करणाऱ्या, भाकरी कुणालाच धड येत नव्हती. दोघी चार दिवस आधी आल्या आणि मी शिकवणी लावली. थोरल्या सुनेच्या पहिल्या भाकऱ्यांचे नकाशे झाले (त्यातला एक हुबेहूब श्रीलंका), पण चौथ्या दिवशी तिची भाकरी तव्यावर टम्म फुगली तेव्हा ती कुठलंसं प्रमोशन मिळाल्यासारखी नाचली. जावईबापू पीठ मळायला. ते हिशेबाचे माणूस, प्रत्येक गोळा सारख्या वजनाचा!

जेवण काय करायचं यावर माझं एकच म्हणणं होतं. जे आपण नाताळला जेवतो तेच. त्यांच्यासाठी खिचडी आणि आपल्यासाठी मटण, हे मला पटणारं नव्हतं. पण तळावर नऊजण माळकरी निघाले. मग त्यांच्यासाठी भरलं वांगं, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने. माळकरी माणसाला मनात शंका ठेवून जेवायला लावणं म्हणजे उपाशी ठेवण्यासारखंच.

घरात सगळे खूश होते असं मुळीच नाही. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, “ताई, नाताळच्या दिवशी आपल्या घरात पंगत नाही? पाहुणे आले तर काय दाखवायचं, रिकामी चूल?” त्या दोन वर्षं आल्या नाहीत. आपल्या मुलांच्या तोंडचा सण दुसरीकडे नेल्यासारखं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. नाताळला दुपारी आमच्याकडे अजूनही चहा-बिस्किटांवर भागवतात.

आता जरा अवघड भागाकडे येते. तळावर पातेली उतरवत होतो तेव्हा मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, राग मानू नका. पर जेवन झाल्यावर काय पुस्तकं-बिस्तकं वाटनार का? गावाकडं लोक मला इचारत्यात.”

मला राग आला नाही. हा प्रश्न आमच्या पणजोबांपासून आमच्या मागे आहे. १८७६-७७ चा दुष्काळ, मग १८९६ पासून शतक संपेपर्यंत पुन्हा तेच. त्या दिवसांत मिशनने आमच्या जिल्ह्यात माणसं जगवली, पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली केडगावला नेऊन सांभाळल्या. ते मोठंच काम होतं. पण ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा मी स्वतः शाळेच्या मैदानावर ऐकला आहे, तोही एकोणीसशे साठच्या सुमारास! भाकरी देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याची भूक यांचा हिशेब लोक शंभर वर्षं विसरत नाहीत.

मी म्हटलं, “दादा, प्रार्थना आम्ही सकाळी चर्चमध्ये केली. इथं फक्त जेवायला आलोय.”

“म्हंजे तुमीबी हितंच जेवनार?”

“मग? घरी काहीच शिजवलेलं नाही.”

तो हसला, आणि स्वतःच गोणपाटं अंथरायला लागला.

पुढे आमच्याच मंडळीतल्या एका गृहस्थांनी उलट बाजूने हरकत घेतली. नाताळचा दिवस, एवढी माणसं समोर, आणि येशूच्या जन्माचं एक वाक्यही सांगितलं नाहीत? मग ही सेवा अर्धीच! मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. ज्याला उठून जाता येत नाही त्याला काही ऐकवू नये. दिवसभर राबलेली बाई तुमची भाकरी हातात घेऊन बसली असेल, तर ती कंटाळली तरी ऐकणारच. पस्तीस वर्षं वर्ग घेतल्यावर एवढं नक्की कळतं की समोर बसलेला प्रत्येकजण ऐकत असतो असं नाही. कुणी आपणहून विचारलं तर सांगतो की. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, “आज तुमचा कसला सन?” नातवाने सांगितलं, आमच्या देवाचा वाढदिवस. म्हातारा म्हणाला, “मंग गाडीवानाला गूळ द्यायला पायजे हुता.” दुसऱ्या वर्षीपासून गूळ नेतो.

पहिल्या वर्षी पंगत बसायला साडेआठ वाजले. दोन गाड्या कारखान्यावर अडकल्या होत्या, त्यांच्या वाट्याचं झाकून ठेवलं. मी वाढायला उठले तर ती पेंढ्यावाली बाई म्हणाली, “तुमी बसा.” मी म्हटलं, “आज तुम्ही बसायचं.” ती बसली खरी, पण तिला रिकाम्या हातांनी बसताच येईना. सारखी पदर सारखा कर, पोराचं नाक पूस, शेवटी माझ्या धाकट्या सुनेला म्हणाली, “ताई, तुमची भाकर कडंला जाड ऱ्हाती. आना हिकडं, दावते.” आणि खरंच दोन भाकऱ्या थापून दाखवल्या. चूल पेटवायची नाही हा आमचा नियम तिने असा मोडला! त्या दोन भाकऱ्यांवरून सुना अजून बोलतात.

मुलं मात्र तासाभरात एक झाली. आमची नात तेव्हा दहा वर्षांची. तिच्याबरोबर एक अकराएक वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ. गावाकडे पाचवीत होती. ऊसतोड्यांच्या मुलांसाठी कारखान्यांवर पूर्वी साखरशाळा चालत, मी काही पाहिल्या आहेत. त्या बंद पडत गेल्या, आणि मुलांनी आईबापांबरोबर येऊच नये म्हणून गावाकडे हंगामी वसतिगृहांची सोय निघाली. पण तान्ह्या भावाला कोण बघणार? म्हणून ही इथं. भाकऱ्या बांधून आणलेल्या पेपरचा तुकडा तिने उचलला आणि खडखडीत वाचला. फाटलेल्या ठिकाणी थांबली आणि नातीला म्हणाली, “फुडं?”

दुसऱ्या वर्षी नात गोष्टींची पुस्तकं घेऊन आली. टोळी निराळी होती, मुकादमही निराळा. उचल ज्या कारखान्याची, तिकडे माणसं जातात, हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. ती मुलगी नव्हती. वसतिगृहात राहिली, की दुसऱ्या तळावर होती, की आणखी काही झालं, कुणाला माहीत नव्हतं. नात परत येताना एक शब्द बोलली नाही. एका रात्रीच्या जेवणाने उचल फिटत नाही, शाळा सुटायची राहत नाही, हे मोठ्यांना ठाऊक असतं. तिला ते त्या रात्री कळलं. सध्या ती समाजकार्याच्या अभ्यासक्रमाची चौकशी करते आहे. बघू.

पुस्तकं मात्र त्या नव्या मुकादमाने एकेक करून चाळली. बिरबल, इसापनीती, प्राण्यांच्या गोष्टी. शेवटचं पान उलटून म्हणाला, “ह्ये चालतंय.” तेव्हापासून जेवणाबरोबर पुस्तकं जातात, आधी मुकादमाच्या हाती.

फोटो काढायचे नाहीत असं ठरलेलं आहे. एका भाच्याने एकदा काढून ग्रुपवर टाकले, तेवढे सोडले तर पाळलंही जातं. २०२० साली पंगत नव्हती, मास्क लावून डबे पोचवले. त्याच वर्षी मार्चपासून लॉकडाऊनमध्ये हीच माणसं कारखान्यांच्या आसपास अडकून पडली होती, त्यामुळे डिसेंबरात ती पुन्हा आलेली बघून आम्हांलाच आश्चर्य वाटलं. येतील नाहीतर काय करतील?

तिसऱ्या वर्षी दुपारी अंगणात चुली मांडत होतो, तर जाऊबाई रिक्षातून उतरल्या. हातात घरची पितळी परात. चुलीजवळ आल्या, थोरल्या सुनेचा गोळा हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाल्या, “पाणी कमी पडलंय. सरक तिकडे.”

यंदा बाजरी त्यांच्याकडूनच दळून यायची आहे.