डोईवरचा जग

नृसिंहवाडीहून पंचगंगेवरचा पूल ओलांडला की कुरुंदवाड येते. पटवर्धनांच्या संस्थानाचे हे जुने गाव. गणेशोत्सवात येथील पाच मशिदींत गणपती बसतो. परक्यास आपले म्हणणारे गाव, अशी समजूत मनात धरूनच मी आलो होतो.

मंगळवार होता. बाजारात चौंडक्याचा आवाज घुमला आणि यल्लम्माचे चार जोगते दिसले. साड्या नेसलेले, कपाळी भंडारा. सर्वांत वृद्ध जोगत्याच्या डोईवर देवीचा जग होता. हाताचा आधार न घेता ते गिरकी घेत, तेव्हा मानेची शीर न् शीर ताठ होई. एका दुकानदाराने हात जोडले. शेजारची पोरे खिदळली. सोबतचा तरुण जोगता आपला कोण, असे मी विचारले. ‘‘ही माझी ल्येक,’’ ते म्हणाले.

मला एकदम न्यूयॉर्कचे हार्लेम आठवले. घरच्यांनी बाहेर काढलेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या समलिंगी व तृतीयपंथी मुलांनी तेथे ‘हाउस’ नावाची कुटुंबे उभारली. क्रिस्टल लाबेजा यांचे हाउस १९७२ च्या सुमाराचे. हाउसच्या प्रमुखास ‘मदर’ म्हणत. बॉलरूमच्या रात्री ही मुले पोशाखात, चालीत, नृत्यात परस्परांशी स्पर्धा करीत. रस्त्यावर जी चाल लपवावी लागे, तिलाच तेथे बक्षीस मिळे.

साम्य मोहक आहे, पण येथे थोडे अडखळावे लागते. हार्लेमचे घर मुले स्वतः शोधीत आली. आपल्याकडे मात्र केसांत जट धरली, मुलाची चाल नाजूक दिसली, की ‘देवीने मागणे केले’ असे घरातलेच ठरवीत. जट ही केसांची निगा न राहिल्याने होणारी गुंतवळ. ती कापता येते. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’मध्ये जोगता होण्याची ही सक्ती वाचताना अंगावर काटा येतो. आपले लिंग कोणते हे ज्याचे त्याने ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले. या वृद्धांना मात्र लहानपणी कोणी विचारलेच नव्हते. लेकीने ही वाट आपण होऊन धरली, असे त्यांनी दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा जरा जोरात.

दुपारी संगमावरच्या घाटाच्या पायरीवर त्यांनी जग उतरविला. लेकीने कोणी न सांगताच तेलाची बाटली काढली आणि त्यांची मान चोळू लागली.