चांगीचे मैदान

सिंगापूरला मुलाकडे किंवा मुलीकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींना ‘चांगी’ हे नाव माहीत असते ते तेथील विमानतळामुळे. काचेच्या घुमटातून कोसळणारा धबधबा पाहावा, त्यासमोर छायाचित्र काढावे आणि ते घरच्या गटावर पाठवावे, हा आता जणू प्रवासातील नित्यविधीच झाला आहे. मात्र विमानतळ होण्यापूर्वी या परिसराची ओळख अगदी निराळी होती. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैनिकांना येथे बंदी करून ठेवले होते, आणि ज्या भूमीवर आज आपली विमाने उतरतात तेथील पहिली धावपट्टी त्याच युद्धकैद्यांना राबवून तयार करून घेतली गेली. त्या बंदिवासात या लोकांनी आपल्या देशातील एका खेळाची चक्क साखळी स्पर्धा चालविली होती. तिची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे बरेच दिवस मनात होते.

हा खेळ म्हणजे ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’. नाव फुटबॉलचे असले तरी आपल्या ओळखीच्या फुटबॉलशी त्याचे नाते दूरचेच आहे. मैदान क्रिकेटसारखे लंबगोल आणि चेंडूही लंबगोल. प्रत्येक संघात १८ खेळाडू. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू पार केला की ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर १ गुण. म्हणजे नेम थोडक्यात चुकला तरी पदरी काहीतरी पडतेच. चेंडू हातात घेऊन धावता येते, पण ठरावीक अंतरावर तो जमिनीवर आपटावा लागतो. सहकाऱ्याला तो फेकून द्यायचा नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून पुढे द्यायचा. उंच उडी मारून, प्रसंगी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकून चेंडू झेलणे, हे या खेळातील सर्वांत प्रेक्षणीय कौशल्य.

या खेळाचा जन्म मेलबर्नचा. टॉम विल्स या क्रिकेटपटूने जुलै १८५८ मध्ये एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचविले की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये यासाठी एखादा फुटबॉल क्लब काढावा. मे १८५९ मध्ये विल्स आणि त्याच्या मोजक्या सहकाऱ्यांनी एकत्र बसून नियम लिहून काढले. आजच्या इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे नियम १८६३ चे आहेत. त्याआधी चार वर्षे या दूरच्या वसाहतीतील मंडळींनी आपला खेळ कागदावर उतरविला होता, हे विशेष. पुढे १८९७ पासून व्हिक्टोरिया राज्यातील प्रमुख संघांची साखळी सुरू झाली आणि मेलबर्नच्या उपनगरांत आपापल्या संघाची निष्ठा वडिलांकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागली.

ऑस्ट्रेलियन माणूस परदेशी गेला की हा खेळ त्याच्याबरोबर जातो. पहिल्या महायुद्धात, २८ ऑक्टोबर १९१६ रोजी, लंडनच्या क्वीन्स क्लबच्या मैदानावर ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांत मदतनिधीसाठी सामना झाला. त्यातील एका संघाचा कर्णधार ब्रूस स्लॉस पुढील जानेवारीत फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. आज हाँगकाँग, थायलंड, व्हिएतनाम, जपान अशा अनेक ठिकाणी हौशी क्लब आहेत. सिंगापूरच्या क्लबचे नाव ‘वोम्बॅट्स’. वोम्बॅट हा ऑस्ट्रेलियात बिळे करून राहणारा एक गुबगुबीत प्राणी.

सेवानिवृत्तीनंतर दोन वर्षांनी पत्नीचे निधन झाले आणि मुलाच्या आग्रहाखातर मी सिंगापूरला चार महिने राहिलो. नातवाच्या एका वर्गमित्राचे वडील ऑस्ट्रेलियन. ते या खेळाच्या सरावाला जात. त्यांच्या निमंत्रणावरून आम्ही एका संध्याकाळी मैदानावर गेलो. कोणी लेखापाल, कोणी शिक्षक, कोणी अभियंता. दिवसभर कार्यालयात राबून आलेली माणसे उकाड्यात घामाघूम होऊन धावत होती. लंबगोल मैदान मिळणे कठीण, म्हणून आहे त्या चौकोनी मैदानावर शंकू मांडून सीमा आखली होती. खेळ संपल्यावर एका गृहस्थाने वही काढून वर्गणीची नोंद केली. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाचे लक्ष साहजिकच त्या वहीकडे गेले. परत येताना यजमानांनी विचारले, “या बेटावर हा खेळ सर्वांत मोठ्या गर्दीपुढे कधी झाला, ठाऊक आहे?” त्याचे उत्तर मला पुढच्या रविवारी चांगीच्या संग्रहालयाकडे आणि नंतर ग्रंथालयाकडे घेऊन गेले.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. सुमारे १५,००० ऑस्ट्रेलियन सैनिक बंदी झाले. हिंदी सैनिकांना वेगळे काढून १७ फेब्रुवारीला फेरर पार्कवर एकत्र करण्यात आले. त्यांची संख्या सुमारे ४५,००० होती, आणि आझाद हिंद सेनेचा आरंभ त्याच मैदानावरील सभेतून झाला. ऑस्ट्रेलियन कैद्यांची रवानगी चांगीच्या सेलारंग बराकीत झाली. आहार म्हणजे मुख्यतः भात, तोही अपुरा. जीवनसत्त्वांच्या अभावी बेरीबेरीसारखे आजार पसरू लागले. घरच्यांचे पत्र नाही, सुटकेची तारीख नाही, काम ठरविण्याचा अधिकार नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये ‘पळून जाणार नाही’ अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या करण्यास नकार दिल्याबद्दल १५,००० हून अधिक कैद्यांना बराकीच्या चौकात तीन दिवस कोंडून ठेवले गेले. चार कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

त्याच वर्षी, त्याच परिसरात, फुटबॉलची साखळी चालली होती. कैद्यांत विल्फ्रेड स्मॉलहॉर्न नावाचा खेळाडू होता. मेलबर्नच्या फिट्झरॉय संघाचा हा चपळ, सडपातळ गडी. १९३३ साली त्याने ‘ब्राउनलो पदक’ जिंकले होते. त्याने पुढाकार घेतला. संघांना मेलबर्नच्या क्लबांची नावे दिली गेली. सामने ठरले, पंच नेमले गेले, गुण मांडले गेले. जानेवारी १९४३ मध्ये ‘व्हिक्टोरिया’ विरुद्ध ‘उर्वरित ऑस्ट्रेलिया’ असा शेवटचा मोठा सामना झाला. तो पाहायला हजारो कैदी मैदानाभोवती दाटीवाटीने उभे होते. स्पर्धेतील श्रेष्ठ खेळाडूला द्यायला छावणीत पदकही तयार झाले. ते पीटर चिट्टी या व्हिक्टोरियातील ग्रामीण भागातून आलेल्या रुग्णवाहिका-दलातील सैनिकाला मिळाले. मेलबर्नच्या मुख्य साखळीत तो युद्धापूर्वी मोजकेच सामने खेळला होता.

या ब्राउनलो पदकाविषयी थोडे सांगायला हवे. १९२४ पासून दिले जाणारे हे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक पदक. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना ३, २ आणि १ असे गुण देतात आणि हंगामाअखेर बेरीज होते. पदकाचा निकष ‘सर्वांत न्यायी आणि सर्वांत उत्तम’ असा आहे. गैरवर्तनासाठी ज्याच्यावर त्या हंगामात बंदी आली, तो कितीही कुशल असला तरी पदकाला मुकतो. ‘न्यायी’ हा शब्द ‘उत्तम’च्या आधी येतो, याकडे मी पुन्हा पुन्हा वळत राहिलो. आमच्या नोकरीतील वार्षिक गोपनीय अहवालांत ठेवी, कर्जे, वसुली यांचे आकडे आधी असत. सचोटीचा रकाना शेवटच्या पानावर असे. छावणीतल्या उपाशी माणसांनी आपले पदक घडविताना याच पदकाचे नाव व निकष समोर ठेवले. भाताची एक मूठ चोरण्याचा मोह जेथे पावलोपावली होता, तेथे न्यायीपणाला पदक देणे ही शोभेची गोष्ट नव्हती.

मार्च-एप्रिल १९४३ पासून माणसांच्या तुकड्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामासाठी उत्तरेला नेल्या जाऊ लागल्या. काही तर आदल्या वर्षीच गेल्या होत्या. ४१५ किलोमीटरचा तो लोहमार्ग. एप्रिलमध्ये निघालेल्या ‘एफ फोर्स’ या तुकडीत सुमारे ७,००० कैदी होते. मालगाडीच्या बंद डब्यांतून थायलंडपर्यंत आणि तेथून भर पावसाळ्यात रात्रीच्या अंधारात सुमारे ३०० किलोमीटर पायी. पटकी, हिवताप, व्रण आणि मारहाण. त्यांपैकी तीन हजारांहून अधिक परतले नाहीत. संपूर्ण मार्गावर १२,००० हून अधिक युद्धकैदी मरण पावले, आणि मलायातून नेलेल्या तमिळ मजुरांसह जे आशियाई मजूर मेले त्यांची संख्या याहून कितीतरी मोठी. त्यांच्या नावांचे दगडही उभे राहिले नाहीत. चिट्टीही त्या मार्गावर गेला. चालणे अशक्य झालेल्या सहकाऱ्याला त्याने वाहून नेले. युद्धानंतर त्याला ‘ब्रिटिश एम्पायर मेडल’ मिळाले. तो जिवंत परतला, स्मॉलहॉर्नही परतला. चांगीचे ते पदक आज कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन युद्ध स्मारकात जतन केलेले आहे.

हे सारे वाचताना माझ्यातील जुना अधिकारी एकच प्रश्न विचारत राहिला. ज्याला पोटभर भात नाही त्याने शरीरातील उरलीसुरली शक्ती चेंडूमागे का खर्चावी? जमाखर्चाच्या दृष्टीने हा शुद्ध तोट्याचा व्यवहार. आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. बँकेत हे वाक्य आम्ही ग्राहकाच्या उधळपट्टीवर टिप्पणी म्हणून वापरत असू. चांगीची हकीकत वाचल्यावर त्याचा दुसरा अर्थ दिसू लागला. बंदिवानाचे सर्व काही दुसऱ्याच्या हुकमाने चालते: उठणे, जेवणे, राबणे, रांगेत उभे राहणे. त्या मैदानावर मात्र नियम त्याचे स्वतःचे होते. पंचाची शिट्टी तो ऐकत असे, कारण ती ऐकायचे त्याने स्वतः ठरविले होते. शनिवारी आपला सामना आहे, एवढे कळले तरी कॅलेंडर नसलेल्या आयुष्यात शनिवार परत येतो. आणि गुण लिहायला कोणीतरी लागतो, सीमा आखायला कोणीतरी लागतो. म्हणजे जो खेळू शकत नाही त्यालाही काम मिळते.

माझ्या सुखवस्तू निवृत्तीची त्या यातनांशी तुलना करण्याचा विचारही मनात नाही. पण माणसाचे पद, दिनक्रम आणि घरातील सोबत एका पाठोपाठ एक गेली की आठवड्याचे वार पुसट होतात, हे मी अनुभवत होतो. त्याच सुमारास सांगलीहून पत्र आले. आमच्या उपनगरातील छोट्या वाचनालयाला चिटणीस मिळत नव्हता. आधीच्या चिटणीसांनी प्रकृतीमुळे काम सोडले होते. कार्यकारिणीत पाच जण उरले होते आणि पुढील सभेत वाचनालय बंद करून पुस्तके एखाद्या शाळेला द्यावीत, असा ठराव येणार होता. मी परत येऊन काम पाहीन का, एवढेच त्यांनी विचारले होते.

मुलाला ते पटेना. “अण्णा, आता तिकडे तुमचं कोण आहे? इथं तुम्हाला काय कमी आहे?” त्याच्या बोलण्यात माया होती आणि काळजीही. माझे वय, रक्तदाब, रात्री-अपरात्री काही झाले तर धावणारे कोणी नाही, हे सारे खरेच होते. सुनेने तर माझ्यासाठी खोलीत देव्हाऱ्याची जागाही करून ठेवली होती. मी त्याला म्हणालो, “कमी काहीच नाही रे. पण इथं माझ्यावाचून काही अडत नाही.” तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “वर्षातून दोन महिने तरी येत जा.” तेवढ्यावर आमचा समेट झाला. विमानतळावर निरोप देताना नातवाने आपला जुना लंबगोल चेंडू माझ्या पिशवीत कोंबला. सुरक्षा तपासणीत त्याची हवा काढावी लागली.

आज वाचनालयाचे सभासद ६४ आहेत, त्यांपैकी नियमित येणारे वीस-बावीस. वर्गणीतून वीजबिल आणि वृत्तपत्रांचा खर्च जेमतेम भागतो. पुस्तकांसाठी दर वर्षी हात पसरावा लागतो. ठराव सभेत आला होता. एका मताने फेटाळला गेला. ते आणखी किती वर्षे चालेल हे मी सांगू शकत नाही. तरुण मंडळींनी यावे असे मनापासून वाटते आणि ती येत नाहीत, हेही दिसते. परंतु दर शनिवारी सायंकाळी पाच वाजता कुलूप उघडायचे असते, नोंदवहीत तारीख घालायची असते, आणि उशिरा पुस्तक परत करणाऱ्याकडून दिवसाला एक रुपया घ्यायचा असतो. परवा आमच्याच अध्यक्षांचे पुस्तक नऊ दिवस उशिरा आले. त्यांनी हसत खिशात हात घातला आणि मी नऊ रुपयांची पावती फाडली.