वल्ह्याची लय आणि कुत्र्याचे वजन

टेम्स नदी, नौका आणि कुत्रा या तीन गोष्टी एकत्र आल्या की जेरोम के. जेरोम यांचे १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘थ्री मेन इन अ बोट’ हे पुस्तक आणि त्यातील मोंटमोरन्सी नावाचा फॉक्स टेरियर यांची आठवण अटळ ठरते. परंतु या पुस्तकाचा मूळ बेत नदीचा इतिहास आणि काठचा निसर्ग सांगणाऱ्या गंभीर ग्रंथाचा होता आणि त्यातील प्रवासी खऱ्या मित्रांवरून घेतलेले असले तरी कुत्रा मात्र सर्वस्वी कल्पित होता, या दोन गोष्टी बहुधा विसरल्या जातात. त्यांपैकी दुसरी गोष्ट वल्हवणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे, कारण कागदावरच्या कुत्र्याला वजन नसते.

खऱ्या कुत्र्याला ते असते, आणि शिवाय ते हलते. टेम्सवरील पारंपरिक स्किफ ही फळीच्या काठावर फळी चढवून बांधलेली, लांबीच्या मानाने अरुंद अशी लाकडी नौका असते. तिच्या दोन्ही काठांवर उभ्या लाकडी खुंट्यांच्या जोड्या असतात आणि त्यांच्या बेचक्यात वल्हे टेकवून ओढले जाते. वल्हवणारे गंतव्याकडे पाठ करून बसतात, तर मागच्या बैठकीवरील सुकाणूधारक पुढे पाहत, सुकाणूच्या माथ्यावरील आडव्या पट्टीला बांधलेल्या दोन दोऱ्यांनी नौकेला वळण देतो. कुत्र्याची स्वाभाविक ओढ नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे असते, कारण सगळे वास प्रथम तेथे पोहोचतात. पण मोठा कुत्रा तेथे जाऊन बसला की नाळ पाण्यात दबते, मागचा भाग उचलला जातो, सुकाणूची पाण्यावरील पकड सैल होते आणि नौका सरळ जाण्याऐवजी कधी या काठाकडे तर कधी त्या काठाकडे ओढ घेऊ लागते. म्हणून त्याची जागा सुकाणूधारकाच्या पायाशी, मध्यरेषेवर आणि तळाच्या फळ्यांवर असावी, हे छायाचित्रकारांना न रुचणारे पण वल्हवणाऱ्यांना लवकरच पटणारे मत आहे. एरवी कुत्रा एका काठावरून दुसऱ्या काठाकडे सरकला की एक वल्हे अधिक खोल जाते, दुसरे पाण्यावरून नुसते घसरते, आणि अर्ध्या तासाच्या मेहनतीने जुळलेली दोघांची लय एका बदकापायी मोडते.

ग्लॉस्टरशरमधील लेचलेड येथील सेंट जॉन्स लॉकपासून, जेथे भरतीचे पाणी अडते त्या टेडिंग्टनपर्यंत नदीवर एकूण ४४ लॉक आहेत. लॉक म्हणजे बंधाऱ्याशेजारी बांधलेला, दोन्ही टोकांना दारे असलेला पाण्याचा हौद. नौका आत घेऊन दारे मिटल्यावर झडपांतून पाणी भरून किंवा सोडून तिला वरच्या अथवा खालच्या पातळीवर नेले जाते. येथे दोर काठावरील खुंटाभोवती केवळ एक वेढा देऊन हातात धरायचा असतो, गाठ मारायची नसते, कारण पाणी उतरू लागल्यावर गाठ मारलेली नौका भिंतीला लोंबकळण्याचा धोका असतो. वर चढताना आत येणारे पाणी खळबळते आणि कुत्रा अस्वस्थ होतो. तेव्हा त्याला लॉकच्या आधीच्या धक्क्यावर उतरवून सोबत्याने पलीकडे चालत नेणे हा उत्तम मार्ग, आणि ते शक्य नसल्यास पाठीवर पकडण्याची मूठ असलेला तरंगता अंगरखा त्याला आधीच घातलेला असावा. पोहता येणाऱ्या कुत्र्यालाही लॉकच्या उभ्या, शेवाळलेल्या भिंतीवर चढता येत नाही.

धक्क्याला लागण्याची शिस्त हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. नौका काठापासून हातभर दूर असतानाच उतावळा कुत्रा उडी मारतो, त्याच्या पायांच्या रेट्याने नौका मागे सरकते, आणि दोर घेऊन एक पाय काठावर टाकलेला माणूस नदी व जमीन यांच्यामध्ये ताणला जातो. प्रथम माणूस, मग दोर, आणि शब्द दिल्यावरच कुत्रा, हा क्रम सहलीपूर्वी घरच्या उंबरठ्यावर घटवून घेता येतो.

निवांत वल्हवलेल्या स्किफचा वेग माणसाच्या चालीहून फारसा निराळा नसतो, आणि याच योगायोगामुळे कुत्र्यासह केलेली ही सहल सुखाची होते. नौका ओढणाऱ्या घोड्यांसाठी पूर्वी काठाने जी वाट राखली होती, तिचा बराचसा भाग १९९६ मध्ये खुल्या झालेल्या ‘टेम्स पाथ’ या राष्ट्रीय पायवाटेत समाविष्ट आहे. त्यामुळे एकाने कुत्र्यासह काठाने चालावे, इतरांनी वल्हवावे आणि पुढच्या लॉकपाशी अदलाबदल करावी, अशी वाटणी सहज जमते. जुनी ओढवाट मधूनच काठ बदलत असे आणि घोड्यांना तरीतून पलीकडे न्यावे लागे, म्हणून नकाशा न पाहता भेटीची जागा ठरवू नये. लॉकवर प्रवाह वाढत असल्याची पिवळी किंवा जोराच्या प्रवाहाची लाल पाटी दिसली, तर मात्र ही सगळी आखणी गुंडाळून काठालाच थांबावे. उन्हाळ्यात संथ पाण्यावर हिरवी साय धरलेली दिसल्यास कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नये, कारण त्यातील नील-हरित शैवाल विषारी असू शकते. पिलांसह असलेला हंस हा त्याहून उघड शत्रू, पण तो निदान फुत्कारून सूचना देतो.

मुक्कामासाठी स्किफवर कमानी उभारून कापडी छत ओढले जाते आणि बैठकांमध्ये फळ्या टाकून झोपण्याची सोय होते. या छताखाली ओल्या कुत्र्याचा वास रात्रभर कोंडून राहतो. त्याला काठावरच कोरडे पुसून आत घेण्याखेरीज दुसरा उपाय नाही. पहाटे सर्वांत आधी बाहेर पडण्याची निकड त्यालाच असते, म्हणून कापडाची काठाकडील बाजू एकाच, अंधारातही सुटेल अशा सरकगाठीने बांधलेली बरी.