आमच्या खतावणींतील एक शेरा

गेल्या वर्षीं दिवाळीपूर्वींच्या झाडलोटींत माळ्यावरची एक ट्रंक खालीं उतरविण्यांत आली, आणि तींत आमच्या बंद पडलेल्या दुकानाच्या शेवटल्या दहा वर्षांच्या खतावण्या निघाल्या. त्या रद्दींत द्याव्या असें सौभाग्यवतींचें मत पडलें, व तें सर्वथैव योग्यहि होतें. परंतु जुना कागद हातीं आला म्हणजे तो उघडून पाहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. कॅसेटी व सीडी विकण्याचें हें दुकान आम्हीं पुण्यास पंचवीस वर्षें चालविलें व २०१२ सालीं त्यास कायमचें कुलूप लावलें. २००९ च्या खतावणींत मार्च महिन्याच्या पानावर एका इंग्रजी आल्बमाच्या, म्हणजे एकत्र प्रसिद्ध केलेल्या गीतसंचाच्या, नांवापुढें आमच्याच हस्ताक्षरांत तांबड्या शाईनें एक शब्द लिहिलेला आढळला : 'पडला.' त्याखालीं हिशेब होता. प्रती आणविल्या २५, खपल्या १२, शिल्लक १३.

हा शब्द लिहितांना आमचा राग त्या आल्बमापेक्षां आमच्या भाच्यावर अधिक होता, हें आज कबूल करावयास हरकत नाहीं. आमच्या अक्कांचा हा धाकटा मुलगा पदवी घेऊन दुकानांत बसूं लागला होता. नाट्यसंगीत व ख्याल-ठुमरी हा प्रांत आमचा, आणि इंग्रजी गाण्यांचें कपाट त्याचें, अशी आपसांत वांटणी झालेली होती. त्याला रॉक संगीताचा नाद फार. आम्हांला तें संगीत म्हणजे शेजारच्या वाड्यांत चाललेलें पत्र्याचें काम वाटे. परंतु गिऱ्हाईक येतें तोंवर दुकानदारानें कानांस बोळे घालावे हेंच बरें. आम्हीं दहा प्रती मागवाव्या म्हणत होतों, त्यानें पंचवीसांचा आग्रह धरला. शिल्लक माल आमचा घाऊक व्यापारी परत घेत नसे. शेवटीं ऐन पावसाळ्यांत एके दिवशीं, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, आम्ही त्याला बोलून गेलों, "तुला गाणें कळत असेल, बाजार कळत नाहीं." त्यानें तें मुकाट्यानें ऐकून घेतलें. दोन महिन्यांनीं तो बंगळूरास संगणकाच्या नोकरीवर गेला. अक्कांनीं पुढें वर्षभर आमच्याकडे त्याचा विषय काढला नाहीं, आणि आम्हींहि काढला नाहीं.

तेव्हां तो एक शब्द खरा होता कीं खोटा, याचा छडा लावावा असें मनानें घेतलें. नातीला हाताशीं धरून तिच्या संगणकावरून आंकडे काढले, आणि दोन संध्याकाळ आम्ही आजा-नात पाटी-पेन्सिल घेऊन बसलों.

प्रथम त्या मंडळीची ओळख करून दिली पाहिजे. यू टू हें चौघांचें वाद्यवृंद-मंडळ मूळ आयर्लंडांतील डब्लिन शहरचें, १९७६ सालीं स्थापन झालेलें. त्यांच्या १९८७ सालच्या 'द जोशुआ ट्री' या आल्बमाच्या जगभर दोन कोटींहून अधिक प्रती गेल्या. २००४ च्या नोव्हेंबरांत त्यांचा 'हाऊ टु डिसमँटल ॲन अॅटॉमिक बॉम्ब' आला, आणि त्यानंतर सवाचार वर्षांनीं, २००९ च्या फेब्रुवारीअखेर, 'नो लाइन ऑन द होरायझन.' आमच्या तांबड्या शाईचा धनी तो हाच. यांतील कांहीं गीतांची जुळणी मोरोक्कोंतील फेझ शहरीं झाली होती, आणि ब्रायन ईनो व डॅनियल लान्वा यांच्यासारखे नामांकित निर्माते त्यामागें होते. एवढ्या तयारीचा माल पडला म्हणावयाचें, तर तें कोणत्या मापानें?

अमेरिकेंत १९९१ पासून साउंडस्कॅन नांवाची एक पद्धति चालू झाली. दुकानांतील गल्ल्यावर प्रत्येक प्रत यंत्रानें टिपली जाते व ती बेरीज एके ठिकाणीं जमा होते. त्यापूर्वीं खपाचे क्रम दुकानदारांच्या सांगण्यावरून ठरत असत. आणि दुकानदार स्वतःच्या खपासंबंधानें काय सांगेल याचा भरंवसा धरूं नये, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. यंत्राच्या या बेरजेप्रमाणें २००४ च्या आल्बमाच्या पहिल्या आठवड्यांत अमेरिकेंत सुमारें ८ लक्ष ४० हजार प्रती गेल्या, व २००९ च्या आल्बमाच्या ४ लक्ष ८४ हजार. शेकडा ४२ ची घट. हा आंकडा पाहून आमच्या शेऱ्याचें समर्थन झालें असें आम्हांस क्षणभर वाटलें.

परंतु आमचे आजोबा नाटकांचे मोठे शौकीन होते, व त्यांची एक खोड आम्हांस या वेळीं आठवली. १९३२ सालीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला, आणि त्या पुढच्या वर्षांत नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. अमक्या मंडळीचें नवें नाटक पडलें, असें कोणी येऊन सांगितलें, कीं आजोबा विचारीत, "त्याच रात्रीं बाकीच्या मंडळ्यांपुढें किती माणसें होतीं?" उत्तर मिळेपर्यंत ते नाटकाविषयीं चकार शब्द बोलत नसत.

तोच प्रश्न आम्हीं येथें विचारला. २००४ सालीं अमेरिकेंत सर्व प्रकारचे मिळून ६६ कोटी ६७ लक्ष आल्बम विकले गेले होते. २००९ सालीं तीच बेरीज ३७ कोटी ३९ लक्षांवर आली. घट शेकडा ४४! आमच्या नातीनें भागाकार दोनदां करून पाहिला. म्हणजे सगळा बाजार जेवढा ओसरला, तेवढाच हा आल्बम पहिल्या आठवड्यांत ओसरला होता, किंबहुना केसभर कमीच. वर्षांतील सर्वांत खपाऊ आल्बम पाहावा तर २००० सालीं एनसिंक मंडळीच्या आल्बमाच्या त्या एका वर्षांत सुमारें ९९ लक्ष प्रती अमेरिकेंत गेल्या होत्या. २००९ चा मान टेलर स्विफ्ट या गायिकेच्या 'फिअरलेस'ला मिळाला, तो ३२ लक्षांवर. पहिला नंबर कायम राहिला, पण त्याची उंची तिसऱ्या हिश्शावर आली. पुढें २०११ च्या जानेवारींत केक नांवाच्या रॉक मंडळीचा आल्बम अवघ्या ४४ हजार प्रतींवर अमेरिकेच्या यादींत अग्रस्थानीं चढला.

असें होण्याचीं कारणें वाचकांच्या घरांतील तरुण मंडळींस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक असतील. १९९९ मध्यें नॅपस्टर निघालें आणि गाणें फुकट घेतां येतें हें जगाला समजलें. २००३ सालीं अॅपल कंपनीनें एकेक गाणें ९९ सेंटांस विकण्याचें दुकान संगणकावर मांडलें, व दोन गाण्यांसाठीं अकरा गाणीं घेण्याची गिऱ्हाइकाची सक्ति संपली. यू टूच्या २००४ च्या आल्बमांतील 'व्हर्टिगो' हें गीत त्याच कंपनीच्या आयपॉडच्या जाहिरातींत वाजत होतें. जें यंत्र सीडीचा धंदा बसविण्यास हातभार लावीत होतें, त्याच्याच मदतीनें ती सीडी खपविली गेली; धंद्यांत असे विनोद घडतात. आमच्या दुकानावर हें सर्व दोन-चार वर्षांच्या अंतरानें येऊन आदळलें. शेजारचा मोबाइल दुरुस्त करणारा पन्नास रुपयांत तीनशें गाणीं फोनमध्यें भरून देई, आणि त्याचें गिऱ्हाईक आमच्याच पायरीवर उभें राहून तीं ऐकत बसे.

तर मग भाचा बरोबर आणि आम्ही चूक, असा निकाल देऊन खतावणी मिटावी असें वाटलें. पण नात बसूं देईना. तिनें विचारलें, "आजोबा, हा पहिल्या आठवड्याचा हिशेब झाला. पुढें काय?"

पुढचा हिशेब मात्र निराळा निघाला. २००४ च्या आल्बमाच्या अमेरिकेंत अखेर निदान ३० लक्ष प्रती गेल्या. बाजाराच्या ओहोटीची शेकडा ४४ ची सूट दिली, तर २००९ च्या आल्बमाच्या १७ लक्षांच्या आसपास जावयास हव्या होत्या. गेल्या सुमारें ११ लक्ष. हा सहा लक्षांचा खड्डा काळाच्या माथीं मारतां येत नाहीं. पहिल्या आठवड्यांत जें गिऱ्हाईक येतें, तें गाणें ऐकून येत नाहीं. त्याला मंडळीचें नांव पुरतें. दुसऱ्या महिन्यांत जें येतें, तें कोणाच्या तरी घरीं ऐकून, कोणी गुणगुणतांना ऐकून येतें. या आल्बमाचें नांव पहिल्या आठवड्यांत चाललें, गाणें पुढें चाललें नाहीं. त्यांतील आघाडीचें गीत 'गेट ऑन युअर बूट्स' अमेरिकेच्या यादींत ३७ व्या क्रमांकापलीकडे वर गेलें नाहीं, आणि खुद्द इंग्लंडांत, जेथें 'व्हर्टिगो' पहिल्या क्रमांकावर चढलें होतें, तेथें हें बाराव्यावर थांबलें.

आम्हीं तत्काळ आमच्या २००४ च्या खतावणीचें पान काढलें. पहिला आठवडा १५ प्रती, एकंदर ४१. आणि २००९ : पहिला आठवडा ९, एकंदर १२. अटलांटिकपारचें सबंध गणित पुण्याच्या एका बोळांतल्या दुकानाच्या वहींत पंधरा वर्षें पडून होतें, व तें लिहिणाऱ्यालाच दिसलें नव्हतें. भाच्यानें त्या ४१ वरून २५ चा अंदाज बांधला होता. ४१ मधून शेकडा ४४ वजा करा, २३ उरतात! बाजार त्याला कळत होता. एक गाणें त्याला कळलें नाहीं, तें त्या गाण्याच्या कर्त्यांनाहि कळलें नव्हतें.

हा सगळा हिशेब प्रतींचा झाला. त्या मंडळीनें त्याच आल्बमानिमित्त ३० जून २००९ रोजीं बार्सिलोना येथून जो दौरा काढला, तो २०११ च्या जुलैअखेर संपला. ११० प्रयोग झाले, ७२ लक्षांहून अधिक तिकिटें गेलीं, आणि उत्पन्न ७३ कोटी ६० लक्ष डॉलर. तोंपर्यंत कोणत्याहि संगीत-दौऱ्यानें एवढी रक्कम मिळविली नव्हती. तें गल्ल्यावर येणारें लोक १९८७ च्या गाण्यांसाठीं येत होते कीं २००९ च्या, हें मात्र तिकिटावर छापलेलें नसतें. २०१४ च्या सप्टेंबरांत तर त्यांनीं पुढचा आल्बम अॅपलच्या सुमारें ५० कोटी ग्राहकांच्या खात्यांत फुकट नेऊन ठेविला, आणि न मागितलेली भेट घरांत कां टाकली म्हणून इतका गिल्ला झाला कीं, ती काढून टाकण्याची सोय कंपनीला आठवड्याच्या आंत करावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या यादीकारांनीं ठरविलें कीं, इंटरनेटवर गीतें १५०० वेळां ऐकलीं गेलीं म्हणजे एक आल्बम खपला असें धरावें. तो आंकडाहि त्यांना पुढें २०१८ मध्यें बदलावा लागला. आम्हांला दुकान बंद केल्याचें दुःख त्या दिवशीं थोडें कमी झालें. पंधराशें ऐकण्यांची पावती आम्ही कोणत्या पुस्तकांत फाडली असती?

मुंबईच्या काळा घोड्यावरील ऱ्हिदम हाऊससारखें नांवाजलेलें दुकान २०१६ सालीं बंद झालें. तें वाचलें तेव्हां आम्हीं घरांत मोठ्यानें म्हटलें होतें, "पाहा, एवढे मोठे ते, त्यांचेंहि चाललें नाहीं, मग आमचें काय!" स्वतःच्या दुकानाला आम्हीं काळाची सूट तेव्हांच देऊन टाकली होती. भाच्याला ती दिली नव्हती.

२०१९ च्या डिसेंबरांत यू टू मंडळी नवी मुंबईस आली, तेव्हां भाच्यानें बंगळूराहून येऊन आम्हांस हट्टानें नेलें. 'जोशुआ ट्री'चीं सर्व गीतें त्यांनीं क्रमानें म्हटलीं. आमच्या कानांस बोळे होते, तरी आम्ही त्या तांबड्या शाईच्या आल्बमांतील एखादें गीत येतें काय म्हणून शेवटपर्यंत वाट पाहिली. तें कांहीं आलें नाहीं. परत येतांना गाडींत तीन तास गप्पा झाल्या, पण त्या वाक्याची गोष्ट त्यानें काढली नाहीं, आम्हांलाहि धीर झाला नाहीं.

भाऊबिजेस अक्कांकडे गेलों, तो यंदा तोहि आलेला होता. फराळ झाल्यावर आम्हीं दोन्ही खतावण्या व नातीच्या हातचा हिशेबाचा कागद त्याच्यापुढें ठेवला, आणि म्हटलें, "त्या दिवशीं चारचौघांत तुला बोललों, तें चुकलें." त्यानें कागद दोनदां वाचला. अक्का स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही हिशेब बरोबर मांडलात. पण खरें सांगूं का, मला तो आल्बम पहिल्याच दिवशीं आवडला नव्हता. मागणी पाठवून झाली होती. तुम्हांला सांगायची लाज वाटली."

मग तो उठला, आंतल्या कपाटांतून एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला. दुकान मोडतांना शिल्लक मालांतून त्या तेराहि प्रती त्यानें मागून नेल्या होत्या, हें आम्ही साफ विसरलों होतों. त्यांतील एकीचें वेष्टन त्यानें नखानें फाडलें, आणि लावून ऐकूं या म्हणाला. अक्कांच्या घरांत सीडी वाजविण्याचें यंत्र नव्हतें. शेजारीं विचारलें, त्यांच्याकडेहि नव्हतें. शेवटीं नात म्हणाली, "माझ्या फोनवर आहे," आणि तिनें तें लावलें.