सुपारी आणि याद्या

ज्याच्या घरात एक तरी लग्न पार पडले आहे, त्याला ‘प्रोजेक्ट चार्टर’ आणि ‘बिझनेस रिक्वायरमेंट्स डॉक्युमेंट’ यांतला फरक शिकवायला तज्ज्ञ बोलवावा लागत नाही. आमच्या बँकेने बोलावला. दोन दिवस, गार हॉल, दुपारच्या जेवणात गुलाबजाम. या शास्त्राची संस्था अमेरिकेत १९६९ साली निघाली आणि ॲनालिस्ट मंडळींची कॅनडात २००३ साली, असे कळले. आमच्या आजीने त्याच्या कितीतरी आधी सात लग्ने काढली होती.

चार्टर म्हणजे सुपारी फुटणे. वडीलधारे बसतात आणि ठरते: लग्न करायचे, वैशाखात करायचे, खर्च साधारण अमुक, आणि सगळे बघणार अण्णाकाका. त्या क्षणापासून कोठीची किल्ली अण्णाकाकांच्या जानव्याला. त्याआधी ते आचाऱ्याकडे गेले असते तर आचारी म्हणाला असता, “आपण कोण?” काम कशासाठी, कोणाच्या शब्दावर, कोणाच्या हाती, किती पैशांत आणि किती दिवसांत, एवढेच चार्टरमध्ये असते. दोन-चार पाने पुरतात. खाली सही पैसे देणाऱ्याची.

याद्या ही निराळी गोष्ट. तिथे अधिकार लागत नाही, कान लागतात. हे काम आमच्याकडे माईआत्याचे. ती व्याह्यांकडे जाऊन चहा पीत बसायची. विहीणबाई म्हणायच्या, “आमचं काही म्हणणं नाही हो.” या वाक्याचा अर्थ ‘तीन कलमे लिहून घ्या’ असा असतो, हे ज्याला कळते तो खरा ॲनालिस्ट! शिवाय यादीत ‘काय’ लिहायचे, ‘कसे’ नाही. ‘दोनशे पानं दीड तासात उठली पाहिजेत’ ही गरज झाली. ‘बुफे ठेवा’ हा कुणा भाच्याचा आगाऊपणा.

आणि याद्या लांबत गेल्या की कोणीतरी म्हणतोच, “त्याच मांडवात बंड्याची मुंजही उरकून घेऊ.” अशा वेळी सुपारीची आठवण द्यायची. सुपारी लग्नाची फुटली आहे.

आता बँकेचे. पेन्शनर मंडळींना दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. ती रांग माझ्या खिडकीशी. ‘पेन्शनरांचा नोव्हेंबरातला त्रास कमी करणे’ असा चार्टर वरून सही होऊन आला आणि काम झाल्यासारखे सगळे एकमेकांचे अभिनंदन करू लागले. बोटांचे ठसे घेणारी आणखी यंत्रे मागवायची, एवढेच काय ते उरले होते.

तेवढ्यात एक पोरगेलीशी ॲनालिस्ट माझ्या काउंटरजवळ स्टूल टाकून दोन दिवस बसली. म्हणाली, “काका, रांग नक्की अडते कुठे?” वीस वर्षांच्या नोकरीत हे मला कोणी विचारले नव्हते. मी म्हणालो, “अंगठ्यापाशी.” जन्मभर भांडी घासलेल्या, रोप लावलेल्या हातांवर रेषाच उरत नाहीत. यंत्र म्हणते, जुळत नाही. आजी समोर पिशवी घेऊन उभी, म्हणते, “अरे, मी आहे की!” आणि चार खेपा घालते. पेन्शन थांबली तर तिच्या घरचे दूध थांबते.

मुलीने कलम १७ लिहिले: ‘ज्यांचा ठसा जुळत नाही, त्यांच्या हयातीची नोंद त्याच भेटीत झाली पाहिजे.’ मी उत्साहाने ‘कॅमेरा’ असे सुचवले. तिने माझा बंड्याचा मामा होऊ दिला नाही, म्हणाली, “ते नंतर ठरेल.”

सह्यांच्या बैठकीत एका साहेबांनी विचारले, “हे सतरावं चार्टरमध्ये कुठाय?” ती शांतपणे म्हणाली, “चार्टरमध्ये ‘त्रास’ आहे, सर. तो हा.” साहेबांनी सही केली. चार्टर नसता तर तिला स्टूल मिळाले नसते, आणि ती नसती तर चार यंत्रांनी मिळून त्या आजीला नाकारले असते.

सरकारने २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय केलेलीच होती. शेवटी तीच घेतली. पुढच्या नोव्हेंबरात मी त्याच आजींसमोर फोन धरला आणि म्हणालो, “डोळ्यांची उघडझाप करा.” त्यांनी आधी पदर सारखा केला, कुंकू पुसटले का विचारले, चष्मा काढला, पुन्हा लावला. मागे रांग ताटकळली. त्याची तरतूद कलम १७ मध्ये नव्हती.