आरशाची पाठ

बाथरूम नव्यानं करायचं ठरलं की घरातली सगळी चर्चा टाइल्स आणि नळांवर होते. टाइल्स मॅट घ्यायच्या की ग्लॉसी, कमोड भिंतीला टांगायचा की जमिनीवर ठेवायचा, शॉवरला काचेचं पार्टिशन करायचं की पडदाच बरा, यात महिना निघून जातो. आरसा आठवतो तो सगळं उरकल्यावर, बजेट संपत आलेलं असताना. मी काचेच्या धंद्यात आहे. दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोबाइलवर एक फोटो दाखवतं आणि म्हणतं, ‘असा हवाय.’ फोटोत फ्रेम दिसते, आकार दिसतो, मागून पसरलेला दिव्यांचा उजेड दिसतो. माझं लक्ष जातं ते फोटोत न दिसणाऱ्या बाजूकडे. आरसा समोरून आवडतो, पण टिकतो तो पाठीच्या आणि कडांच्या जोरावर. या कामानं मला शिकवलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आपलं तोंड आपल्याला दाखवते ती चांदी. काच तिला धरून ठेवते आणि समोरच्या बाजूनं जपते, एवढंच. पूर्वी हे काम कथिल आणि पारा मिळून करत. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारागिरांचे आरसे युरोपभर नावाजलेले होते, पण पाऱ्याची वाफ आरसे करणाऱ्यांच्या शरीरात भिनत असे. 1835 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदीचा थर चढवण्याची रासायनिक रीत शोधली आणि पुढे पारा मागे पडला. आजचा आरसाही त्याच वाटेनं बनतो. आधी स्वच्छ काच, तिच्यावर चांदी, चांदीवर अनेकदा तांब्याचा पातळ थर आणि त्यावर रंगाचे हात. चांदीचा हा थर केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्शाइतका असतो. एवढ्याशा थराला आपण रोजच्या वाफेत, साबणात आणि ओलीत वर्षानुवर्षं उभं करतो.

काचेतून पाणी आत जात नाही. रंगाचा थर धड असेल तर पाठीतूनही सहसा जात नाही. कड मात्र उघडी असते. काच कापली की त्या रेषेवर चांदी, तांबं, रंग असे सगळे थर उघडे पडतात आणि ओल तिथूनच शिरते. जुन्या बाथरूममधला आरसा नीट पाहा. काळेपणा आधी कडेला येतो, त्यातही खालच्या कडेला. त्याचं कारण आपल्या हातात असतं. आपण क्लीनरचा फवारा थेट आरशावर मारतो, ते पाणी ओघळून खालच्या कडेला साचतं आणि तिथून मागे चढतं. क्लीनरमध्ये अमोनिया असेल तर चांदीचं आणखी लवकर वाटोळं होतं. म्हणून आरसा घेताना मी गिऱ्हाइकाला आधी कड दाखवतो. बोट फिरवून बघा म्हणतो. चांगली घासून पॉलिश केलेली कड बोटाला कुठेही लागत नाही आणि पाठीचा रंग अगदी टोकापर्यंत सलग असतो. कडेला रंगाचे टवके उडालेले दिसले तर तो आरसा बेडरूमच्या कपाटाला चालेल, बाथरूमला नको.

काचेची जाडी ओळखायला आमच्याकडे नखाची कसोटी आहे. नखाचं टोक आरशाला टेकवायचं. नख आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात फट दिसते, कारण प्रतिबिंब काचेच्या मागच्या चांदीवर पडलेलं असतं. पाच मिलिमीटरच्या आरशात ही फट ठळक असते, तीनच्या आरशात अगदीच बारीक. केरळातल्या अरन्मुळाचा आरसा तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूचा असतो आणि त्याचा पुढचा पृष्ठभागच घासून लख्ख केलेला असतो. तिथे नख आणि प्रतिबिंब एकमेकांना थेट टेकतात. बाथरूमसाठी मी पाच मिलिमीटरचा आग्रह धरतो. पातळ काच भिंतीच्या उंचसखलपणाप्रमाणे थोडी वाकते आणि मग चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा दिसतो. दुकानात हे पारखायची सोपी रीत आहे. आरशात दाराची उभी चौकट दिसेल असं उभं राहायचं आणि मान सावकाश डावी-उजवीकडे न्यायची. चौकटीची रेघ सरळच राहिली तर काच चांगली. रेघ वळवळली तर पुढचा आरसा दाखवायला सांगा.

नव्या बाथरूममध्ये आरशाला सगळ्यात मोठा धोका असतो तो नवेपणाचाच. काम संपलं की फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारतात. त्याची वाफ बंद बाथरूममध्ये तासन्‌तास कोंडून राहते. आरसा त्याआधी लावलेला असेल तर ती कडेतून चांदीपर्यंत पोचते आणि नवा कोरा आरसा पहिल्याच वर्षात डागाळतो. त्यामुळे ॲसिडचं काम आधी, भरपूर पाण्यानं धुणं त्यानंतर, मग दोन-चार दिवस खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू, आणि आरसा सगळ्यात शेवटी. भिंतीला आरशाच्या जागी टाइल नसून नुसतं प्लास्टर असेल तर ते पुरतं वाळू द्यावं. पावसाळ्यात काम काढलं असेल तर जास्तच थांबावं.

आणखी एक धोका चिकटवण्याचा. बाजारात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या काही नळ्या उघडल्या की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. काचेच्या पार्टिशनला ते चालतं, आरशाच्या पाठीला चालत नाही. आरशाला ‘न्यूट्रल’ असं लिहिलेलंच सिलिकॉन लागतं. कारागीर नळी उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा आणि वास घ्या. घरमालकाला ही एवढी तपासणी सहज करता येते आणि तिच्यावर आरशाचं निम्मं आयुष्य ठरतं. सिलिकॉनच्या रेघा उभ्या ओढाव्यात, गोल-गोल फिरवू नयेत. उभ्या रेघांमधून मागची ओल खाली उतरते आणि हवा खेळते. गोलाच्या आत अडकलेली ओल तिथेच राहते.

आता मापाकडे. प्लॅनवरच्या मापानं आरसा कापू नये. टाइल आणि तिच्या मागचा माल मिळून प्रत्येक भिंत इंचभर पुढे येते. दोन्ही बाजूंना टाइल असेल तर मधली रुंदी दोन इंचांनी कमी होते. मी माप घेतो ते टाइल्स लागून ग्राउट भरल्यावर. वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणची रुंदी घेतो, कारण भिंती क्वचितच काटकोनात असतात. गुण्या लावला की दोन-तीन सुतांचा फरक हमखास निघतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत आरसा हवा असेल तर सगळ्यात कमी भरलेलं माप धरायचं आणि त्यातूनही सूतभर सोडायचं. ही फट नंतर न्यूट्रल सिलिकॉननं भरता येते. सुतानं मोठा झालेला आरसा मात्र भिंतीत बसत नाही. मग हिरकणीनं नवी रेघ मारून पट्टी काढावी लागते आणि पॉलिश केलेली कड जाते.

उंचीचा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तिथे घरातली माणसं येतात. एक गोष्ट करून पाहा. गरम पाण्यानं आंघोळ झाली की वाफ धरलेल्या आरशावर आपल्या चेहऱ्याची कड बोटानं आखा. ती आकृती खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरते. मागे सरका, पुढे या, ती निम्मीच राहते. आपण आरशापासून जितके लांब, तितकंच प्रतिबिंब आरशाच्या मागे असतं आणि आरसा नेमका मध्यावर येतो, म्हणून असं होतं. एकट्या माणसाला तोंड बघायला वीतभर आरसाही पुरतो. मोठा आरसा लागतो तो घरात उंच आणि बुटकी अशी दोन्ही माणसं असतात म्हणून.

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये मी माप घ्यायला गेलो होतो. सूनबाईंनी पिंटरेस्टवरचा गोल आरसा पसंत केला होता. दोन फुटांचा, बेसिनच्या मधोमध, केंद्र साडेपाच फुटांवर. मी वर्तमानपत्र गोल कापून त्या जागी चिकटटेपनं लावलं. सूनबाई समोर उभ्या राहिल्या, छान वाटला. मी म्हटलं, ‘आजींना जरा बोलावता का?’ आजी आल्या. त्यांची उंची पाच फुटांच्या आतच होती, पाठही थोडी वाकलेली. कागदाची खालची कड त्यांच्या कपाळाच्या वर गेली. ‘मला काय, चालेल कसाही,’ त्या म्हणाल्या. सूनबाई कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘नाही काका, लांबट घेऊ. कुंकू लावायला आईंना दिसायला हवं.’ आम्ही गोल उतरवला आणि आयताचा कागद लावला. अशा वेळी मला माझं काम मनापासून आवडतं.

त्या घरी जे माप धरलं तेच बहुतेक घरांना बसतं. बेसिनची कड जमिनीपासून साधारण बत्तीस ते तेहतीस इंचांवर असते. नळ आणि शिंतोडे यांसाठी तिच्यावर सहा-आठ इंच सोडले की आरशाची खालची कड सव्वातीन ते साडेतीन फुटांवर येते. वरची कड सहा फुटांवर नेली की सहा फुटी माणसालाही भांग पाडताना वाकावं लागत नाही. म्हणजे अडीच ते पावणेतीन फूट उंचीचा उभा आयत. रुंदी बेसिनच्या किंवा काउंटरच्या रुंदीपेक्षा दोन इंच कमी ठेवली तर नजरेला बरं दिसतं. गोल आरसा सुंदर दिसतो, हे मलाही मान्य आहे. एकट्या-दुकट्याच्या घरात किंवा पाहुण्यांच्या बाथरूममध्ये तो जरूर लावावा. तीन पिढ्यांच्या घरात आयतच खरा.

चांगल्या आरशाची सगळी किंमत उजेडावर ठरते आणि इथेच बहुतेक घरं फसतात. छताच्या मधोमध एक दिवा असला की डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. दाढी करणाऱ्याला गळा दिसत नाही आणि सगळ्यांनाच आपण थकलेले वाटतो. दिवा आरशाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या उंचीवर असावा. ते जमत नसेल तर आरशाच्या वर लांबट दिवा लावावा, म्हणजे उजेड समोरून चेहऱ्यावर पडतो. 4000 केल्विनच्या आसपासचा पांढरा उजेड आणि 90 च्या वरचा सीआरआय (दिव्याचा उजेड रंग किती खरे दाखवतो त्याचं माप) असेल तर त्वचेचा रंग घराबाहेर दिसतो त्याच्या जवळ जातो. फोटोत भुरळ घालणारा, मागून उजळणारा आरसा भिंत उजळतो, चेहरा फारसा नाही. तो घ्यायचाच असेल तर समोरून उजेड देणारा दिवा वेगळा ठेवा. अशा आरशातल्या दिव्याचा ड्रायव्हर पुढे बदलता येईल अशा जागी आहे ना आणि शिंतोड्यांपासून संरक्षण असलेला, निदान आयपी 44 चा आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. वाफ धरू न देणारं हीटर पॅड हल्ली मिळतं. कोंडलेल्या बाथरूममध्ये ते उपयोगी पडतं, पण चांगला एक्झॉस्ट असेल तर त्याची गरज कमी होते. आरसा असलेलं कपाट घेणार असाल तर त्याचा सांगाडा पीव्हीसीचा किंवा स्टीलचा घ्या. साधं प्लाय ओलीनं फुगतं.

वजनाचाही विचार करा. पाच मिलिमीटरचा आरसा चौरस फुटाला साधारण एक किलो दीडशे ग्रॅम भरतो. दोन बाय अडीच फुटांचा आरसा पावणेसहा किलोंच्या आसपास जातो. एवढं वजन एकट्या सिलिकॉनच्या भरवशावर मी सोडत नाही. खालून दोन स्टीलच्या पट्ट्यांचा आधार देतो आणि काच व धातू यांच्यात रबर ठेवतो. टाइल बोटानं वाजवून पाहिल्यावर पोकळ आवाज आला तर ती जागा सोडून ड्रिल करतो. घरात लहान मुलं असतील तर पाठीवर सुरक्षा फिल्म लावलेला आरसा घ्यावा. फुटला तरी तुकडे फिल्मला धरून राहतात.

हे सगळं वाचून आरशाचा खर्च वाढेल असं वाटेल. तो थोडा वाढतो, पण टाइल्सच्या मानानं काहीच नाही. खरी गरज पैशांपेक्षा वेळेवर केलेल्या विचाराची आहे. दिव्याचा पॉइंट कुठे येणार, हे टाइल्स लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला सांगावं लागतं. बेसिनची भिंत उत्तरेची हवी की पूर्वेची, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी तो ड्रेनेजची लाइन टाकण्याआधीच सोडवावा. एकदा टाइल लागली की मग आरशाला मिळेल त्या उजेडात आणि मिळेल त्या जागी उभं राहावं लागतं, आणि त्याच्यासमोर घरातल्या प्रत्येकाला.

म्हणून सांगणं इतकंच. बाथरूम फोडायला काढाल त्या दिवशीच घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या माणसाला त्या भिंतीसमोर उभं करा आणि पेन्सिलीनं खूण करून ठेवा. दुकानात गेलात की आरसा उलटा करून त्याची पाठ आणि कड बघा. घरी लावल्यावर क्लीनर फडक्यावर घ्या, आरशावर फवारू नका, आणि खालची कड रोज कोरडी पुसा. एवढं केलंत तर तुमचा आरसा त्या टाइल्सइतकाच टिकेल.