सगळ्यांना थोडं थोडं

छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा, त्यामुळे आकड्यांना मी भीत नाही. भाचा बंगळुरूला जाताना त्याचा जुना लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेला. त्यात 'बाल्डर्स गेट ३' नावाचा गेम होता. "मावशी, तू खेळच. हा सगळा आकड्यांचाच गेम आहे," असं म्हणाला तेव्हा मला वाटलं, मग अडचण काय? अडचण पहिल्याच पडद्यावर सुरू झाली. तिथे एक माणूस उभा होता, तो मीच असणार होते आणि मला कोण व्हायचंय ते गेम विचारत होता.

हा रोल-प्लेइंग गेम. म्हणजे एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाच्या अकलेने आणि ताकदीने गोष्टीतून पुढे जायचं. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओज या कंपनीने तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणला. नियम मात्र बरेच जुने आहेत. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला. टेबलाभोवती बसायचं, कागदावर आपल्या पात्राचे गुण लिहायचे आणि फासे टाकायचे, असा तो खेळ. त्याचेच नियम थोडेफार बदलून इथे आले आहेत, फक्त कागद आणि फासे दोन्ही लॅपटॉपच्या पोटात गेले आहेत. हे सगळं मला भाच्याने नंतर सांगितलं. तेव्हा मी नुसती माझ्या पात्राचे केस निवडत होते, आणि ते पुढे शिरस्त्राणाखाली झाकले जातात हे मला ठाऊक नव्हतं.

केसांनंतर क्लास. क्लास म्हणजे पात्राचा पेशा. असे १२ आहेत: तलवारबाज, चोर, पुजारी, गाणारा-बोलणारा बार्ड, संतापून अंगावर धावणारा बार्बेरियन, वगैरे. मी विझार्ड घेतला. पोथ्या वाचून जादू शिकणारा माणूस आहे, तो आपल्याला जमेल असं वाटलं. मग सहा गुण आले: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर छाप पाडण्याची शक्ती. बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळे मोजतात हे मला फार आवडलं. अनेक गिऱ्हाइकं डोळ्यांपुढे आली.

या सहा गुणांत वाटायला २७ पॉइंट मिळतात. गेमने ते आधीच वाटून ठेवले होते आणि विझार्डसाठी बुद्धीपुढे चांदणीही काढली होती. मला ती वाटणी अन्यायाची वाटली. बुद्धीला एवढं आणि ताकदीला काहीच नाही? मी सगळं पुसलं आणि दिवाळीचा फराळ शेजारीपाजारी वाटावा तसं सगळ्यांना थोडं थोडं दिलं. प्रत्येक गुण ८ पासून सुरू होतो आणि १३ पर्यंत न्यायला ५ पॉइंट लागतात. म्हणून पाच गुणांना १३ दिले आणि उरलेल्या २ पॉइंटांत ताकद १० वर नेली. याशिवाय एक +२ आणि एक +१ असा बोनस मिळतो. त्यातला +२ बिचाऱ्या ताकदीला दिला आणि +१ बुद्धीला. शेवटी ताकद १२, बुद्धी १४, बाकी सगळे १३. ताळेबंद असा जुळला की मी चहा करून घेतला.

गोष्ट एका उडत्या जहाजावर सुरू होते. तुमच्या डोक्यात एक अळी सोडलेली असते आणि ती बाहेर काढायची खटपट म्हणजे हा गेम. जहाजावर पंखवाले छोटे राक्षस येतात. लढाई पाळीपाळीने चालते, घाई नसते, हे माझ्या वयाला सोयीचं. माझी पाळी आली तशी मी बेधडक पुढे गेले. माझ्याकडे ७ हिट पॉइंट होते. हिट पॉइंट म्हणजे किती मार खाऊन उभं राहता येतं त्याचा आकडा. दोन फटक्यांत मी आडवी झाले, आणि लाएझेल नावाच्या हिरवट, फटकळ बाईने येऊन मला उठवलं. तिची ताकद १७ होती. विझार्डने मागे उभं राहायचं असतं हे मला तिच्या पाठीकडे बघून कळलं.

पुढे मला वाटलं, मार लागतो तर चिलखत घालावं. वाटेत लोखंडी कड्यांचा एक जाडजूड अंगरखा सापडला होता, तो चढवला. रुबाब आला. लढाई सुरू झाली आणि बघते तर माझे सगळे मंत्र करडे पडलेले. एकही दाबता येईना. ज्या चिलखताचा सराव तुमच्या क्लासला नाही ते अंगावर असेल तर मंत्र म्हणताच येत नाहीत, असा नियम आहे. त्या लढाईत मी हातातल्या काठीने लोकांना बडवत होते.

मग गेल भेटला. हवेत फिरणाऱ्या एका भोवऱ्यातून एक हात बाहेर आलेला दिसतो. ओढला की आख्खा माणूस निघतो. गोड बोलणारा, दाढी राखलेला, आणि विझार्ड. त्याची बुद्धी १७. माझ्याच चमूत, माझ्याच पेशाचा, माझ्यापेक्षा हुशार माणूस मी स्वतः ओढून आणला होता.

शेवटी भाच्याला फोन केला. त्याने माझे आकडे ऐकले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, चार पॉइंट पाण्यात गेलेत तुझे." मला हे लागलं. हिशेबात पाण्यात गेलेली रक्कम दुसऱ्याने दाखवावी लागणं म्हणजे काय! पण त्याचं बरोबर होतं. गेम नुसता गुण बघत नाही, त्यातून निघणारी भर बघतो. १० ला शून्य, १२ ला +१, १४ ला +२, १६ ला +३. मधले विषम आकडे काही देत नाहीत. १२ आणि १३ दोन्हींची भर +१ च. माझे चार गुण १३ वर बसले होते, म्हणजे प्रत्येकात एक पॉइंट फुकट.

आणि +१ ने असा काय फरक पडतो? फासा २० बाजूंचा आहे, म्हणजे प्रत्येक +१ म्हणजे पाच टक्के. मी अग्निबाण सोडते तेव्हा फाशात बुद्धीची भर आणि पेशातल्या सरावाचे +२ मिळवतात. कुठे गेलचे +५, कुठे माझे +४. त्यातही विझार्ड सोडून दुसरं काहीही करायला गेले तर सगळीकडे +१. म्हणजे मी कशातच वाईट नव्हते आणि कशातच कामाची नव्हते.

भाचा म्हणाला, बिल्ड म्हणजे हेच. बिल्ड हा शब्द तो दिवसातून शंभरदा वापरतो. मी त्याचं भाषांतर 'पात्राची बांधणी' असं करते आणि तो हसतो. कुठले गुण, कुठला क्लास, वर चढताना कुठलं कौशल्य, अंगावर काय, हातात काय, हे सगळं एकाच दिशेला जुळवणं. त्याने मला विझार्डची बांधणी सांगितली: बुद्धी १७, काटकपणा १६, चपळाई १४, शहाणपण १०, ताकद ८, छाप ८. मी म्हटलं, दोघांना उपाशी ठेवायचं? तो म्हणाला, "दोघांना उपाशी ठेवलंस म्हणून तर बाकीचे जगतील." बाप झाल्यासारखा बोलतो हल्ली.

झालेली वाटणी मोडण्याची सोय गेममध्येच आहे. एका बंद तळघरात शवपेटी उघडली की विदर्स नावाचा एक वाळलेला, हाडकुळा म्हातारा उठतो. तो आधी माणसाच्या जिवाचं मोल काय असा प्रश्न विचारतो आणि नंतर आपल्या तळावर येऊन बसतो. सोन्याची १०० नाणी दिली की तुमचे सगळे आकडे कोरे करून देतो. याला रिस्पेक म्हणतात. कितीही वेळा करा, दर तोच. दिलेली नाणी त्याच्या खिशातून परत मारता येतात असंही भाच्याने सांगितलं. मी नाही म्हटलं. नंतर नाणी संपली तेव्हा चोरीत वाकबगार असलेल्या अस्टेरियन या सोबत्याला विदर्सच्या मागे उभं केलं, हे भाच्याला सांगितलेलं नाही.

नव्या बांधणीने फरक पडला. तिसऱ्या लेव्हलला जुन्या वाटणीत माझे १७ हिट पॉइंट होते, ते २३ झाले. बाण लागू लागले. मग मी फुशारले. एका लढाईत शत्रूंच्या पायाखाली निसरडं तेल पसरवलं, सगळे घसरून पडले, आणि वर अग्निबाण सोडला. तेल पेटतं. लाएझेल त्याच तेलात उभी होती. दुसऱ्यांदा कोळ्याचं जाळं टाकून शत्रू अडकवले आणि त्यावर सुऱ्यांचा ढग सोडला, तर जाळंच नाहीसं झालं. काही मंत्र एकाग्रता लावून धरावे लागतात आणि एका वेळी असा एकच धरता येतो. दुसरा धरला की पहिला सुटतो. हे मंत्राच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं असतं. मी करारनामे शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, मंत्र वाचत नाही.

उपाशी ठेवलेली छाप मात्र सूड उगवत होती. या गेममध्ये भांडणं बोलूनही मिटतात, आणि जो पुढे होऊन बोलतो त्याचेच आकडे धरले जातात. अवघडपणा १५ असेल तर माझ्या -१ ला फाशावर १६ किंवा वर हवेत, म्हणजे शंभरात पंचवीस. विल नावाच्या सोबत्याची छाप १७, त्याचे +३. त्याला तेच काम शंभरात पंचेचाळीस. म्हणून मी विलला पुढे करायचे. पण कुणीतरी झाडामागून येऊन नेमकं मलाच गाठायचं, आणि माझा विद्वान विझार्ड तोंड उघडून सगळ्यांना तलवारी काढायला लावायचा.

इथे माझं आणि भाच्याचं बिनसलं. त्याच्या मते बांधणीची परीक्षा एकच: एका पाळीत किती नुकसान. त्याचा लाडका बिल्ड म्हणजे हातांनी ठोसे मारणारा मंक. टॅव्हर्न ब्रॉलर नावाचं कौशल्य घेतलं की ठोशात ताकदीची भर दुप्पट धरतात. आता कुणी म्हणेल, मग याची ताकद जास्त असणार. नाही, ८! एक अर्क मिळतो, तो प्यायला की पुढच्या मोठ्या विश्रांतीपर्यंत ताकद थेट २१. आंटी एथेल नावाची एक प्रेमळ म्हातारी तो विकते. ती मुळात चेटकीण आहे आणि अळी काढून देते म्हणून आपला डोळा मागते. भाचा तिच्याकडचे सगळे अर्क विकत घेतो आणि मग तिच्याशी लढायला जातो. मी या सगळ्याला वहीबाहेरचा व्यवहार म्हणते.

तरी त्याची बाजू आहे. तो ऑनर मोडमध्ये खेळतो. त्यात सेव्ह एकच असतो. सगळे मेले की ती मानाची फेरी संपली, मागे जाऊन पुन्हा करून बघणं नाही. तिथे माझ्यासारखा तोंडाळ विझार्ड सगळ्यांना घेऊन बुडेल. पण मी खेळते त्या साध्या पातळीवर गेम इतका कठीण नाही, आणि तिथे मला पात्राचे ८ चे रकाने जास्त रंगतदार वाटतात. १७ वाला गुण हवं ते मिळवून देतो, एवढंच. ८ वाल्या गुणामुळे आपण तुरुंगात पडतो आणि मग त्या तुरुंगातून पुढची गोष्ट निघते. इंटरनेटवरून उतरवलेला तयार बिल्ड घेतला की हा तुरुंग आपल्या वाट्याला येत नाही. भाचा म्हणतो, मावशी, हे तू हरतेस म्हणून म्हणतेस. तेही असेल.

हे मत पक्कं झालं आणि मला लंप भेटला. एका ओसाड गावातल्या पडक्या घरात तीन ऑगर बसलेले असतात, डोंगराएवढे, माणसं खाणारे. त्यातला एक, हाच तो लंप, अस्खलित, अलंकारिक, सुशिक्षित बोलतो. मी चाट पडले. बोलून काही जमलं नाही, लढाई झाली, आणि त्याच्या अंगावरच्या वस्तू बघताना डोक्याला बांधायची एक पट्टी सापडली. या वेळी माहिती वाचली. ही पट्टी घालणाऱ्याची बुद्धी १७ होते.

मी वही काढली. बुद्धी १५ पर्यंत न्यायला मी ९ पॉइंट मोजले होते आणि वर +२ चा बोनस घातला होता. तेवढीच बुद्धी हा ऑगर कपाळाला बांधून हिंडत होता. मी विदर्सकडे गेले, १०० नाणी दिली, बुद्धी ८ वर आणली, सुटलेले सगळे पॉइंट आणि तो बोनस छापेकडे वळवला आणि पट्टी बांधली. बुद्धी १७, छाप १७. भाच्याला कळवलं तर तो म्हणाला, वहीबाहेरचा व्यवहार बरा जमला. मी ऐकलं नाही असं केलं.

काही दिवस फार चांगले गेले. लोक माझं ऐकत होते, बाण लागत होते. मग एका व्यापाऱ्याकडे एक टोपी दिसली. पट्टी तशी कुरूपच होती. पुढच्या लढाईत माझा पहिला बाण हुकला, दुसरा हुकला, तिसराही भिंतीत गेला. फासे बिघडलेत, लॅपटॉप म्हातारा झालाय, असं सगळं मी भाच्याला फोनवर तावातावाने सांगत होते. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मावशी," तो म्हणाला, "डोक्यावर काय घातलंयस?"